चारशेवरून सहाशेवर जावे काय? एका टेलिफोटो झूमच्या बदलाचे प्रकरण

प्रस्तुत प्रकरणातील महिला छायाचित्रकार पक्षी व सस्तन प्राण्यांची छायाचित्रे बरीच वर्षे हौसेने काढत आहेत. त्यांच्याजवळ कॅननची ७डी मार्क २ ही बॉडी (लेन्सविना कॅमेरा) आणि ईएफ १००-४०० मिमी एफ/४.५-५.६ एल आयएस ही १९९८ साली बाजारात आलेली, नळी पुढे-मागे सरकवून झूम करण्याची लेन्स होती. (मिमीचा आकडा म्हणजे फोकल लेंथ : तो जितका मोठा तितका दूरचा प्राणी मोठा दिसतो. एफ-आकडा प्रकाशाच्या छिद्राचा : तो जितका लहान तितके छिद्र मोठे.) ती देऊन टाकून सिग्माची १५०-६०० मिमी एफ/५-६.३ कंटेम्पररी घ्यावी काय, अशी त्यांची विचारणा होती आणि तिच्यामागे तीन तक्रारी होत्या. पक्षी चौकटीत फार लहान येतात. चारशेच्या टोकाला चित्राला धार राहत नाही. आणि पहाटे किंवा सूर्यास्ताच्या सुमारास, म्हणजे प्राणी खरोखर दिसतात त्याच वेळी, हाती लागलेली बहुतेक चित्रे टाकून द्यावी लागतात. या तिन्हींवर मोठी लेन्स हा एकच उपाय आहे, असे त्यांनी जवळजवळ ठरवलेच होते.

लेन्स बदलण्याची इच्छा आणि लेन्स बदलण्याचे कारण या दोन गोष्टी वेगळ्या असतात, आणि बहुतेक चर्चा पहिलीलाच दुसरी समजून पुढे जातात. म्हणून नव्या लेन्सच्या गुणदोषांकडे वळण्यापूर्वी जुन्या लेन्सने बिघडलेली चित्रे तपासावीत, असा आग्रह मी धरला. सुदैवाने त्यांना मूळ फायली पुसून टाकण्याची सवय नव्हती. गेल्या दोन हंगामांतील टाकाऊ ठरलेली चित्रे पूर्ण आकारात, म्हणजे पडद्याचा एक बिंदू चित्राच्या एका पिक्सेलला मिळेल अशी उघडून, त्यांचे कारणांनुसार ढीग लावण्यात आले.

हे वर्गीकरण वाटते त्याहून सोपे आहे, कारण प्रत्येक दोष आपली खूण मागे ठेवतो. हात हलला असेल तर प्राण्यासकट मागच्या फांद्या, गवताची पाती, पाण्यावरचे चकाकते ठिपके हे सगळेच एका दिशेने ओढले गेलेले दिसतात. बारकाईने पाहिल्यास ठिपक्यांच्या छोट्या रेघा झालेल्या असतात आणि त्या सर्वांचा कल सारखा असतो. प्राणी हलला असेल तर धड व पार्श्वभूमी स्वच्छ असते आणि फक्त पंख, मान किंवा कान पुसट होतो. फोकस चुकला असेल तर चौकटीत कुठे ना कुठे, पक्ष्याच्या अलीकडे किंवा पलीकडे, काहीतरी उत्तम स्पष्ट असतेच. तापलेल्या हवेच्या लहरींमुळे बिघडलेल्या चित्रात मात्र कुठेच काही स्पष्ट नसते. कडा वेड्यावाकड्या होतात आणि एकाच झपाट्यात घेतलेल्या लागोपाठच्या चित्रांत स्पष्टता विनाकारण कमीजास्त होत राहते. लेन्सचा स्वतःचा मऊपणा या सर्वांपेक्षा शांत असतो. फोकस जिथे आहे तिथेही बारीक पोत फिकट, धुरकट दिसतो, प्रत्येक चित्रात तसाच दिसतो आणि अ‍ॅपर्चर म्हणजे प्रकाशाचे छिद्र लहान करून एफ/८ केल्यावर बऱ्याच अंशी नाहीसा होतो.

सर्वांत मोठा ढीग अर्थातच लहान आलेल्या पक्ष्यांचा झाला. पण त्याच ढिगात एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती : दूरच्या पाणपक्ष्यांची, उन्हे चढल्यावर पाण्यापलीकडून घेतलेली जी चित्रे होती, त्यांतील बरीचशी हवेच्या लहरींनी आधीच खराब झालेली होती. तिथे सहाशे मिमीने फक्त खराबीच मोठी करून दाखवली असती. दुसरा ढीग पहाटेच्या हललेल्या चित्रांचा होता आणि त्यांत प्राणी बहुधा स्थिर उभा होता. हलले होते ते छायाचित्रकारांचे हात. तिसऱ्या ढिगात फोकस चुकलेला होता, आणि विशेष म्हणजे तो मोठ्या संख्येने एकाच बाजूला, म्हणजे किंचित अलीकडे चुकलेला होता. उडत्या पक्ष्यांच्या पुसट पंखांचा ढीग वेगळा. त्याचा लेन्सशी फारसा संबंध नव्हता, कारण ती चित्रे सेकंदाच्या आठशेव्या भागाच्या आसपास घेतलेली होती आणि पंखांची वेगवान फडफड गोठवायला दोन हजाराव्या भागापर्यंत जावे लागते.

अलीकडे पडणारा फोकस व मऊपणा यांचा छडा लावण्यासाठी एक साधी चाचणी करण्यात आली. सावलीतल्या भिंतीवर बारीक छपाईचा कागद सपाट लावला, तो कॅमेऱ्याला अगदी समांतर राहील असे पाहिले, कॅमेरा भक्कम ट्रायपॉडवर ठेवला आणि स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी यंत्रणा, बंद केले. या जुन्या लेन्सला ट्रायपॉड ओळखता येत नाही आणि स्थिर बैठकीवर तिची यंत्रणा उलट चित्र हलवू शकते, म्हणून ही शेवटची दक्षता महत्त्वाची. अंतर त्या नेहमी पक्षी टिपतात तेवढेच ठेवले. एकदा व्ह्यूफाइंडरमधून फोकस केला, एकदा मागच्या पडद्यावरून. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडरचा फोकस आरशाखालच्या वेगळ्या सेन्सरवर ठरतो, तर पडद्यावरचा प्रत्यक्ष चित्र घेणाऱ्या सेन्सरवर. दोन्हींत तफावत असेल तर दोष एकट्या भिंगांचा नसून बॉडी व लेन्स यांच्या जोडीचा असतो, आणि अशी थोडी तफावत या प्रकारच्या कॅमेऱ्यांत असामान्य नाही.

तफावत होती. ७डी मार्क २ मध्ये ती दुरुस्त करण्याची सोय आहे आणि झूमच्या दोन्ही टोकांसाठी वेगवेगळा आकडा देता येतो. तो दिल्यावर व्ह्यूफाइंडरमधला फोकस पडद्याशी जुळला. खरा धक्का मात्र पुढच्या पायरीला बसला. लेन्सच्या तोंडावर पहिल्या दिवसापासून बसवलेला संरक्षक फिल्टर काढून तीच चाचणी केली तेव्हा चारशेच्या टोकाची धार इतकी सुधारली की तुलनेची चित्रे दोनदा तपासून पाहावी लागली. लांब फोकल लेंथला पुढच्या काचेतला सूक्ष्म असमतलपणाही मोठा होऊन दिसतो. रुंद लेन्सवर जो फिल्टर निर्धोक असतो तो इथे चित्र नासवू शकतो. फिल्टर काढल्यावर आणि फोकस जुळवल्यावर उरलेला मऊपणा लेन्सचा स्वतःचा होता. एफ/५.६ ला तो जाणवत होता, एफ/८ ला सहन होण्याजोगा होता.

म्हणजे तीन तक्रारींपैकी एक, एका पैचाही खर्च न होता, निम्म्याहून अधिक मिटली. या टप्प्यावर लेन्स बदलली असती तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार झाला असता, कारण नव्या लेन्सवरही तोच फिल्टर चढवण्याचा त्यांचा बेत होता.

पोच किती वाढते?

आता मूळ प्रश्न : पक्षी लहान येतात. येथे अंदाजाऐवजी आकडेमोड करणे शक्य आहे आणि ती प्रत्येकाने आपल्या बॉडीसाठी एकदा करावी. सेन्सरवर पडणाऱ्या प्रतिमेची लांबी काढायची तर पक्ष्याची लांबी गुणिले फोकल लेंथ, भागिले (अंतर वजा फोकल लेंथ). १५ सेंटिमीटरचा पक्षी १५ मीटरवर असेल तर ४०० मिमीने सेन्सरवर सुमारे ४.१ मिमी लांबीची प्रतिमा पडते. ७डी मार्क २ चा सेन्सर २२.४ मिमी रुंद असून त्या रुंदीत ५४७२ पिक्सेल आहेत. म्हणून पक्ष्याच्या वाट्याला लांबीत साधारण १००० पिक्सेल येतात. ६०० मिमीने हीच प्रतिमा ६.२५ मिमी होते आणि पिक्सेल १५०० च्या थोडे वर जातात. फरक दीडपट, क्षेत्रफळाने सव्वादोन पट. तो नगण्य म्हणता येणार नाही.

पण याच समीकरणाची दुसरी बाजू अशी की ४०० मिमीची लेन्स घेऊन पक्ष्यापासून १५ ऐवजी १० मीटरवर पोचल्यास तीच ६.२५ मिमीची प्रतिमा मिळते. पाच मीटर पुढे सरकणे कुठे शक्य असते आणि कुठे नसते, हे फक्त तिथे जाणाऱ्यालाच ठाऊक. घरट्याजवळ किंवा पिलांसोबतच्या प्राण्याकडे सरकणे शक्य असले तरी करू नये, आणि अशा ठिकाणी लांब लेन्स ही चैन नसून सभ्यता ठरते. या छायाचित्रकारांच्या बाबतीत मात्र असे दिसले की त्या चालत फिरतात, पाणवठ्याच्या काठी झुडपाआड बसून वाट पाहण्याची त्यांची तयारी कमी आहे आणि लहान आलेल्या पक्ष्यांची बरीच चित्रे पहिल्याच दर्शनी, मिळेल त्या अंतरावरून घेतलेली आहेत. बसून राहण्याचा सल्ला त्यांना फारसा रुचला नाही. तो त्यांच्या स्वभावाचा भाग आहे आणि सामग्री स्वभावाला जुळणारीच घ्यावी लागते.

पोचेच्या बाजूने एक युक्तिवाद असाही आहे जो सहसा मांडला जात नाही आणि जो सहाशेच्या लेन्सला न्याय देण्यासाठी मांडणे भाग आहे. एफ/६.३ म्हणजे एफ/५.६ पेक्षा एक तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाशात दुप्पट-निम्म्याचा फरक) कमी प्रकाश, म्हणून सहाशेची झूम पहाटेच्या कामाची नाही, असे सर्रास म्हटले जाते. हा हिशेब सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरपुरता खरा आहे. पक्ष्यापुरता हिशेब वेगळा पडतो. ठरावीक अंतरावरच्या पक्ष्याकडून लेन्स किती प्रकाश गोळा करते हे तिच्या प्रवेशछिद्राच्या क्षेत्रफळावर ठरते, आणि छिद्राचा व्यास म्हणजे फोकल लेंथ भागिले एफ-आकडा. ४०० भागिले ५.६ म्हणजे सुमारे ७१ मिमी. ६०० भागिले ६.३ म्हणजे सुमारे ९५ मिमी. क्षेत्रफळ जवळजवळ पावणेदोन पट. म्हणजे दोन्ही लेन्सची चित्रे कातरूनच वापरावी लागतील इतका दूरचा पक्षी असेल आणि शटर स्पीड सारखाच ठेवता येत असेल, तर अंतिम चित्रात सहाशेच्या लेन्सने टिपलेल्या पक्ष्यावर रवाळपणा कमी दिसतो, जरी आयएसओचा (सेन्सरच्या संवेदनशीलतेचा) आकडा वर गेलेला असला तरी. उलट चारशेवर १.४ पट एक्स्टेंडर (लेन्स व बॉडी यांच्यामध्ये बसणारे, फोकल लेंथ वाढवणारे जोड-भिंग) लावल्यास ५६० मिमी एफ/८ मिळते आणि छिद्राचा व्यास होता तेवढाच राहतो. पिक्सेल वाढतात, पक्ष्याकडून येणारा प्रकाश वाढत नाही. हरणासारखा मोठा प्राणी तीनशेलाच चौकट भरत असेल तर मात्र हा सारा फायदा गैरलागू होतो.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. कॅननने २०१४ च्या अखेरीस जाहीर केलेली १००-४०० ची दुसरी आवृत्ती हाही एक पर्याय होता आणि छायाचित्रकारांनी तो सुरुवातीलाच बाद केला होता, ‘चारशेवरून चारशेवरच जायचे तर बदलायचे कशाला’ या तर्काने. पोच आणि प्रकाश या दोन बाबतींत त्यांचे म्हणणे बिनतोड आहे. दोन्ही आवृत्त्या ४०० मिमीला एफ/५.६ आहेत, छिद्र तेच, पक्षी तेवढाच.

तरीही तो पर्याय परत आणावा लागला, तो पहाटेच्या ढिगामुळे. त्या ढिगात प्राणी स्थिर होता आणि हात हलला होता. ४०० मिमीला, १.६ पट कातर धरणाऱ्या, म्हणजे पूर्ण चौकटीच्या सेन्सरहून तेवढ्या पटीने लहान असलेल्या सेन्सरवर, स्टॅबिलायझेशनविना हातात धरून चित्र घ्यायचे तर ढोबळ नियमाने सेकंदाचा सुमारे ६४० वा भाग लागतो. जुन्या लेन्सची यंत्रणा सुमारे दोन स्टॉपची, म्हणजे १६० व्या भागापर्यंत नेणारी. दुसऱ्या आवृत्तीची कंपनीने चार स्टॉपची सांगितलेली, म्हणजे कागदोपत्री ४० व्या भागापर्यंत. प्रत्यक्षात यातला अर्धा फायदा मिळाला तरी स्तब्ध उभ्या हरणाचे चित्र आयएसओ ६४०० ऐवजी ३२०० वर घेता येते. हा फायदा फक्त स्थिर प्राण्यापुरता आहे. चरणाऱ्या, मान हलवणाऱ्या प्राण्याला कुठलीही स्टॅबिलायझेशन यंत्रणा थांबवू शकत नाही, आणि विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत ही बाब नेहमीच लहान टायपात असते.

प्रत्यक्ष वापर

दोन्ही लेन्स एकामागोमाग भाड्याने आणून नेहमीच्याच जागी, नेहमीच्याच वेळी वापरण्यात आल्या. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत उपयुक्त खर्च तोच.

सिग्माची लेन्स चित्राच्या दर्जात कमी पडली नाही. ट्रायपॉडवर, जवळच्या व मध्यम अंतरावरच्या लहान पक्ष्यांना तिने जो तपशील दिला तो चारशेला कातरून मिळाला नसता. अडचणी दुसरीकडे होत्या. वजन १९३० ग्रॅम, म्हणजे कॅननच्या १५७० ग्रॅमच्या दुसऱ्या आवृत्तीपेक्षा फक्त साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास जास्त. परंतु सहाशेला नळी पूर्ण बाहेर आल्यावर भार पुढे सरकतो आणि तो मनगटाला जाणवतो. चालत फिरणाऱ्या छायाचित्रकारांना तासाभरातच लेन्स खाली धरून चालण्याची सवय लागली आणि अचानक उठलेला पक्षी गाठताना तेवढाच उशीर होऊ लागला. ६०० मिमीला त्यांच्या सेन्सरवर आडवा दृष्टिकोण जेमतेम २.१ अंश उरतो, चारशेला ३.२. उडता पक्षी एवढ्या अरुंद खिडकीत शोधण्यासाठी आधी झूम मागे घ्यावा, पक्षी सापडल्यावर पुढे न्यावा, हे तंत्र सरावाने येते, पण जुन्या लेन्सची नळी एका झटक्यात मागे ओढण्याची सवय असलेल्या हाताला सिग्माची, झूमसाठी बरीच फिरवावी लागणारी कडी संथ वाटली. शिवाय ७डी मार्क २ चे ऑटोफोकस बिंदू एफ/५.६ पर्यंतच्या लेन्ससाठी आखलेले असून एफ/८ ला केवळ मधला बिंदू चालतो. एफ/६.३ ची ही लेन्स सर्व बिंदूंवर चालते खरी, पण अंधुक उजेडात ती फोकससाठी घुटमळत होती.

कॅननच्या दुसऱ्या आवृत्तीने पहाटेच्या चित्रांत अपेक्षेप्रमाणे सुधारणा केली आणि एफ/५.६ ला, छिद्र पूर्ण उघडे असतानाच, पुरेशी धार दिली, म्हणजे जुन्या लेन्सला एफ/८ पर्यंत जावे लागे तो पूर्ण एक स्टॉपही वाचला. निर्णय मात्र एका अनपेक्षित गोष्टीने फिरला. जुनी लेन्स १.८ मीटरच्या आत फोकस होत नाही, सिग्माची २.८ मीटरच्या आत होत नाही, आणि ही ०.९८ मीटरपर्यंत होते. तिचे सर्वाधिक वर्धन ०.३१ पट, ६ सेंटिमीटरचे फुलपाखरू सेन्सरवर १८ मिमीहून मोठे येते, म्हणजे चौकट बहुतांशी भरते. दुपारी पक्षी गप्प झाले की या छायाचित्रकार फुलपाखरे आणि चतुर टिपत बसतात. तो भाग त्यांनी तक्रारींत कधी सांगितलाच नव्हता, कारण ती त्यांच्या लेखी फावल्या वेळची करमणूक होती. वर्षभराची निवडलेली चित्रे चाळली तेव्हा या करमणुकीतली चित्रे पक्ष्यांच्या चित्रांना भारी पडत होती.

त्यांनी दुसरी आवृत्ती घेतली, वापरलेली, पण वरील भिंतीची चाचणी विक्रेत्यासमोर करूनच. चाचणीत चारही कोपरे स्वतंत्रपणे पाहिले, कारण एक बाजू स्पष्ट व दुसरी मऊ असेल तर आतले भिंग सरकलेले असण्याचा संभव असतो आणि तो दोष फोकसच्या आकड्याने दुरुस्त होत नाही. फिल्टर बसवलेला नाही. समोरच्या काचेचे रक्षण हूड करतो.

माझे मत येथे नोंदवतो. लपणात बसून, ट्रायपॉडवर, मुख्यतः लहान पक्षीच टिपणाऱ्या व्यक्तीला मी याच पुराव्यावरून १५०-६०० घ्यायला सांगितले असते. छिद्राच्या व्यासाचा फायदा अशा कामात दररोज मिळतो आणि वजनाचा प्रश्न ट्रायपॉड सोडवतो. त्याच कारणाने, वाहनाच्या खिडकीवर बीनबॅग टाकून काम करणाऱ्यालाही साडेतीनशे ग्रॅमांची चिंता करण्याचे कारण नाही. येथे निर्णय फिरवला तो हातात लेन्स धरून चालण्याने आणि दुपारच्या फुलपाखरांनी.

बदलानंतरच्या हंगामातील टाकाऊ चित्रांचे पुन्हा ढीग लावले. पहाटेचा ढीग स्पष्टपणे आक्रसला आहे. अलीकडे पडणारा फोकस नव्या जोडीत तपासून जुळवलेला असल्याने तो ढीग जवळजवळ उरलेला नाही. लहान पक्ष्यांचा ढीग होता तेवढाच आहे, आणि तो तसाच राहणार हे आधीच मान्य केले होते. उडत्या पक्ष्यांच्या चित्रांतही लेन्सने फारसा फरक पडलेला नाही. शटर स्पीड वाढवल्याने पुसट पंख कमी झाले, पण फोकस डोळ्यावरून निसटून पंखावर जाण्याचा प्रकार चालूच आहे. तो ७डी मार्क २ च्या, २०१४ साली आलेल्या ऑटोफोकस पद्धतीच्या मर्यादेचा भाग आहे. प्राण्याचा डोळा ओळखणाऱ्या बिनआरशाच्या बॉडीवर, उदाहरणार्थ २०२२ सालच्या आर७ वर, हीच ईएफ लेन्स अ‍ॅडाप्टरने चढते आणि तिथला दाट सेन्सर वरच्याच उदाहरणातील १५ सेंटिमीटरच्या पक्ष्याला चारशेवरच सुमारे १२८० पिक्सेल देतो, म्हणजे सहाशेच्या वाटेवर निम्म्याहून अधिक अंतर लेन्स न बदलता कापले जाते. पुढचा खर्च करायचा झाल्यास तो बॉडीवर, असे ठरले आहे. तोपर्यंत १.४ पट एक्स्टेंडर विकत न घेता गरजेपुरता भाड्याने आणायचा, कारण सध्याच्या बॉडीवर तो लावला की ऑटोफोकसचा एकच मधला बिंदू उरतो आणि त्या एका बिंदूने काय साधते ते बसलेल्या पक्ष्यावरच आधी पाहायचे आहे.